आधी कोण? क्रम लावण्याच्या नियमाची सातशे वर्षे

१/२४
इ. स. १२८६. इटलीतील जेनोवा येथील डॉमिनिकन भिक्षू जोव्हान्नी बाल्बी याने ‘कॅथोलिकॉन’ हा आपला लॅटिन कोश पूर्ण केला. शब्द वर्णक्रमाने मांडले होते. आज यात नवल वाटणार नाही; पण हा क्रम चालतो कसा, हे बाल्बीला वाचकांना उदाहरणांसह समजावून सांगावे लागले. ‘आमो’ हा शब्द ‘बिबो’च्या आधी येतो, कारण ‘ए’ हे अक्षर ‘बी’च्या आधीचे आहे. ‘आबेओ’ हा ‘आदेओ’च्या आधी येतो, कारण पहिले अक्षर सारखे असल्याने निर्णय दुसऱ्या अक्षरावर जातो, आणि तेथे ‘बी’ हे ‘डी’च्या आधीचे आहे. या खटाटोपाला कोणी तुच्छ लेखू नये, अशी विनंतीही त्याने केली.

२/२४
बाल्बीने जे लिहून ठेवले त्याला आजचा प्रोग्रामर ‘कम्पॅरेटर’ म्हणतो. दोन वस्तू समोर ठेवायच्या आणि तीनपैकी एक उत्तर द्यायचे: पहिली आधी, दुसरी आधी, किंवा दोन्ही समान. एवढेच त्याचे काम. संपूर्ण यादी लावण्याचे कष्ट दुसऱ्या कोणाचे तरी असतात. कम्पॅरेटर केवळ निवाडा देतो. कष्ट आणि निवाडा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ओळखायला माणसाला बराच काळ लागला. त्या ताटातुटीचा हा इतिहास आहे, आणि तो केवळ संगणकाचा इतिहास नाही.

३/२४
वर्णक्रमापूर्वी ज्ञानाची मांडणी बहुधा अर्थाने किंवा प्रतिष्ठेने होत असे. भारतीय वाचकाला परिचित उदाहरण अमरकोशाचे. तो सुरू होतो स्वर्गापासून आणि देवांच्या नावांपासून. दुसऱ्या कांडात भूमी, नगर, पर्वत, वनौषधी, पशू येतात, मग मनुष्य येतो, आणि त्यानंतर ब्रह्म, क्षत्रिय, वैश्य, शूद्र हे वर्ग याच क्रमाने येतात. ‘आधी कोण’ याचा नियम ग्रंथात कोठेही सूत्ररूपाने सांगितलेला नाही. तो सांगण्याची गरजच नव्हती, कारण तो समाजाने आधीच मान्य केलेला होता. न लिहिलेला नियम प्रश्न विचारू देत नाही.

४/२४
या पार्श्वभूमीवर वर्णक्रम ही विलक्षण गोष्ट ठरते. त्याला देव आणि दगड यांतला फरक कळत नाही. राजा कोण, भिकारी कोण, हे तो पाहत नाही. तो अक्षर पाहतो. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री याने इंग्रजी शब्दांचा इंग्रजीतूनच अर्थ देणारा पहिला कोश छापला, तेव्हाही त्याला वाचकांना सांगावे लागले की हा ग्रंथ वापरायचा असेल तर अक्षरांचा क्रम तोंडपाठ हवा. मुद्रणाचे युग सुरू होऊन दीडशे वर्षे झाली होती, तरी नियम सांगावा लागत होता. मात्र आता तो सांगितला जात होता, आणि सांगितलेला नियम तपासता येतो.

५/२४
पुढचा टप्पा यंत्राचा. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे संकलन जवळपास आठ वर्षे रेंगाळले. १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ याची छिद्रकार्डे आणि विद्युत यंत्रे वापरली गेली. प्रत्येक माणसामागे एक कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय यांसाठी ठरावीक जागी छिद्रे. सुमारे सव्वासहा कोटी लोकांची मोजणी झाली. कार्ड यंत्राखाली दाबले की वर्गीकरणाच्या पेटीतील योग्य खणाचे झाकण विजेने उघडे आणि लिपिक कार्ड हाताने आत टाकी. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वयंचलित सॉर्टर आले आणि ते हातकामही गेले.

६/२४
हे सॉर्टर दोन कार्डांची तुलना कधीच करीत नसत. कार्डावरच्या एका स्तंभातील छिद्र पाहून ते कार्ड योग्य खणात जाई. तीन अंकी क्रमांकाने कार्डे लावायची असतील तर आधी एकं, मग दहं, मग शतं अशा तीन फेऱ्या होत. शेवटच्या फेरीनंतर सगळा गठ्ठा क्रमाने लागलेला असे, तोही एका अटीवर: आधीच्या फेरीत लागलेला क्रम पुढच्या फेरीत बिघडता कामा नये. सारख्या अंकाची कार्डे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने बाहेर पडली पाहिजेत. या गुणाला पुढे ‘स्थिरता’ असे नाव मिळाले. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

७/२४
१९४५. एडव्हॅक हा संगणक अजून कागदावरच होता. जॉन फॉन नॉयमन याने त्या न बांधलेल्या यंत्रासाठी एक प्रोग्राम हाताने लिहिला, आणि विषय निवडला तो क्रम लावण्याचा. तोफगोळ्यांचे मार्ग काढणारे यंत्र आकडेमोड करणार यात शंका नव्हती. फॉन नॉयमनला पारखायचे होते ते निराळे: ‘हे आधी की ते आधी’ असा तार्किक निर्णय हे यंत्र किती सहजतेने घेते? त्याने वापरलेली रीत आज मर्ज सॉर्ट म्हणून ओळखली जाते. क्रमाने लागलेल्या दोन रांगा घ्यायच्या, दोन्हींच्या तोंडाशी पाहायचे, लहान असेल ते उचलायचे, आणि असे करीत एक मोठी रांग घडवायची.

८/२४
त्या हस्तलिखितात आणखी एक कल्पना दडलेली होती. फॉन नॉयमन सुटे आकडे लावत नव्हता. त्याच्याकडे गठ्ठे होते: एक प्रमुख संख्या आणि तिच्या पाठीला बांधलेली इतर माहिती. क्रम प्रमुख संख्येने ठरायचा, बाकीची माहिती तिच्यामागून ओढली जायची. आजच्या ऑब्जेक्टची ही पुसट पूर्वछाया म्हणता येईल. पण ‘प्रमुख कोण’ हे त्या प्रोग्रामच्या हाडामांसात कोरलेले होते. दुसऱ्या संख्येने क्रम हवा असेल तर माहितीच नव्याने रचावी लागे. कष्ट आणि निवाडा अजून एकाच धातूचे ओतीव होते.

९/२४
१९५९-६० मध्ये टोनी होअर हा तरुण इंग्रज मॉस्को विद्यापीठात शिकत होता. रशियन वाक्यांचे यंत्राकडून इंग्रजीत भाषांतर करून घेण्याचा प्रश्न त्याच्यासमोर होता. शब्दकोश लांबलचक चुंबकीय फितीवर, वर्णक्रमाने साठवलेला. वाक्यातील प्रत्येक शब्दासाठी फीत पुढे-मागे फिरवत बसणे परवडणारे नव्हते. वाक्यातील शब्दच आधी वर्णक्रमाने लावले, तर फीत एकदाच फिरवून सगळे अर्थ मिळतील. या गरजेतून त्याला एक रीत सुचली. यादीतून एक शब्द निवडायचा. त्याच्या आधीचे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येक बाजूला हेच पुन्हा. हीच क्विकसॉर्ट.

१०/२४
इंग्लंडला परतल्यावर होअर एलियट ब्रदर्स या संगणक कंपनीत लागला. वरिष्ठाने त्याला डोनाल्ड शेल याची रीत यंत्रावर उतरवायला सांगितली. होअरने ती उतरवली आणि म्हणाला, याहून वेगवान रीत माझ्याकडे आहे. सहा पेनींची पैज लागली. होअरने ती जिंकली. १९६१ मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली. या रीतीला वस्तूविषयी काहीही माहीत असण्याची गरज नव्हती. शब्द असोत, संख्या असोत वा माणसे, तिला केवळ एकच प्रश्न विचारायचा होता: या दोहोंत आधी कोण? उत्तर कोण देतो याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

११/२४
याच होअरने १९६५ च्या सुमारास आणखी एका विषयावर लिहिले: संबंधित माहितीचे घटक एकत्र बांधून ‘रेकॉर्ड’ कसे करावेत. ते विचार ऑस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेच्या जडणघडणीत उतरले. माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया यांना एकत्र बांधणारा ‘क्लास’ आणि त्यातून घडणारा ‘ऑब्जेक्ट’ तेथे स्पष्ट रूपाला आला. ज्याने क्रम लावण्याची सर्वांत गाजलेली रीत दिली, त्याचाच हात ऑब्जेक्टच्या जन्मालाही लागला होता.

१२/२४
ऑब्जेक्ट आल्यावर मात्र जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. ५ आणि ७ यांत आधी कोण, हे संख्याच सांगतात. पण ‘विद्यार्थी’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये नाव आहे, आडनाव आहे, जन्मतारीख आहे, गुण आहेत. दोन विद्यार्थ्यांत आधी कोण? हजेरीपटाला आडनाव हवे, गुणवत्ता यादीला गुण हवेत, क्रीडास्पर्धेच्या वयोगटाला जन्मतारीख हवी. तीच मुले, तीन क्रम, आणि तिन्ही बरोबर. क्रम मुलांच्या ठायी नाही. तो विचारणाऱ्याच्या हेतूत आहे. मग यादी लावणाऱ्या प्रोग्रामला तो हेतू कळवायचा कसा?

१३/२४
सी भाषेने दिलेले उत्तर थेट होते. १९७० च्या दशकातील युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमधूनच ‘क्यूसॉर्ट’ नावाचे फंक्शन वापरात आले आणि १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत ते समाविष्ट झाले. त्याला यादी द्यायची, वस्तूंची संख्या द्यायची, एका वस्तूचा आकार द्यायचा आणि चौथी गोष्ट म्हणून तुलना करणाऱ्या फंक्शनचा पत्ता द्यायचा. ते फंक्शन ऋण संख्या, शून्य किंवा धन संख्या परत करी: आधी, समान, नंतर. बाल्बीची तीन उत्तरे सातशे वर्षांनी तीन चिन्हांत सामावली. निवाडा आता बाहेरून येऊ लागला. कष्ट करणारा आणि निवाडा देणारा अखेर वेगळे झाले.

१४/२४
या ताटातुटीबरोबर एक धोकाही आला: निवाडा चुकला तर? अनेकांनी सोपी युक्ती वापरली, पहिल्या संख्येतून दुसरी वजा करून येणारे उत्तरच परत करायचे. लहान संख्यांना हे चालते. पण ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. पहिली संख्या २०० कोटी आणि दुसरी उणे २०० कोटी असेल, तर वजाबाकी ४०० कोटी येते. ती मावत नाही आणि सामान्यतः उणे २९,४९,६७,२९६ अशी उमटते. चिन्ह उलटते, म्हणजे मोठी संख्या ‘आधीची’ ठरते. यंत्र तक्रार करीत नाही. यादी निमूटपणे चुकीची लागते.

१५/२४
१९९१ च्या उन्हाळ्यात बेल लॅब्समधील दोन सहकाऱ्यांना आढळले की काही मिनिटांत संपायला हवे असे क्यूसॉर्टचे काम तासन्‌तास चालले आहे. त्यातून जॉन बेंटली आणि डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी हे फंक्शन नव्याने घडवले आणि १९९३ मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे १९९९ मध्ये मॅक्‌इलरॉय यानेच एक कपटी कम्पॅरेटर रचून दाखवला. तो वस्तूंच्या किमती आधी ठरवतच नाही. प्रश्न येईल तसतशी उत्तरे देत तो किमती घडवत जातो, आणि तीही अशा की क्विकसॉर्टची चाल अतिशय मंदावावी. त्याची सर्व उत्तरे परस्परांशी सुसंगत असतात, तरी काम करणारा थकून जातो. निवाड्याच्या हाती किती सत्ता आहे, हे याहून नेमके कोणी दाखवले नसेल.

१६/२४
ऑब्जेक्टच्या जगात हा नियम स्वतःच एक ऑब्जेक्ट झाला. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक भाषेत क्रमवार संग्रहाला तुलनेचा एक छोटा ‘ब्लॉक’ देता येत असे. जावा भाषेने डिसेंबर १९९८ मधील १.२ या आवृत्तीत जोशुआ ब्लॉक याच्या नेतृत्वाखाली घडलेली संग्रहांची नवी चौकट आणली आणि तिच्यात दोन स्वतंत्र संकल्पना ठेवल्या. ‘कम्पॅरेबल’ म्हणजे वस्तूने स्वतःच सांगितलेला आपला स्वाभाविक क्रम. ‘कम्पॅरेटर’ म्हणजे बाहेरच्या कोणी त्या वस्तूंना लावलेला क्रम.

१७/२४
हे दोन भेद का हवेत? तारखेला स्वाभाविक क्रम आहे: आधीचा दिवस आधी. तो तारखेच्या क्लासमध्येच लिहिणे योग्य. पण ‘विद्यार्थी’ या क्लासने आपल्या आत गुणांचा क्रम कायमचा कोरून घेतला, तर त्याने नकळत जाहीर केले की गुण हीच विद्यार्थ्याची नैसर्गिक प्रतवारी आहे. अमरकोशातील वर्गांचा क्रम असाच ‘स्वाभाविक’ मानला गेला होता. कम्पॅरेटर वेगळा ठेवला की नियमाला नाव मिळते: ‘गुणांनुसार’, ‘आडनावानुसार’, ‘वयानुसार’. नाव मिळालेला नियम बदलता येतो, उलटा करता येतो, आणि त्याच्याविषयी वाद घालता येतो.

१८/२४
नियम एकमेकांना जोडताही येतात. आधी आडनाव पाहा. ते सारखे असेल तर नाव. तेही सारखे असेल तर जन्मतारीख. बाल्बीचे ‘पहिले अक्षर सारखे असेल तर दुसऱ्याकडे जा’ हेच ते. मार्च २०१४ मधील जावा ८ ने अशी साखळी एका ओळीत लिहिण्याची सोय दिली. दुसरा मार्ग छिद्रकार्डांचा: आधी जन्मतारखेने लावा, मग नावाने, शेवटी आडनावाने. तो चालण्यासाठी सॉर्टिंग ‘स्थिर’ हवे, म्हणजे समान ठरलेल्या वस्तूंचा आधीचा क्रम टिकला पाहिजे. जावाने ऑब्जेक्टच्या याद्यांसाठी ही हमी १९९८ पासूनच दिली. सी भाषेच्या क्यूसॉर्टने ती कधीच दिली नव्हती.

१९/२४
स्वातंत्र्याबरोबर करार आला. कम्पॅरेटरने काही अटी पाळल्याच पाहिजेत. ‘क’ हा ‘ख’च्या आधी असेल तर ‘ख’ हा ‘क’च्या नंतर असला पाहिजे. ‘क’ हा ‘ख’च्या आधी आणि ‘ख’ हा ‘ग’च्या आधी असेल तर ‘क’ हा ‘ग’च्या आधी असलाच पाहिजे. दुसरी अट उघड वाटते. पण १७८५ मध्ये फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने ती मोडताना दाखवली होती. तीन मतदार, तीन उमेदवार. पहिल्याची पसंती क, ख, ग. दुसऱ्याची ख, ग, क. तिसऱ्याची ग, क, ख. बहुमताने क हा खवर मात करतो, ख हा गवर, आणि ग पुन्हा कवर. प्रत्येक मतदार सुसंगत आहे, तरी त्यांचा एकत्रित निवाडा गोल फिरतो. अशा निवाड्याने कोणतीही यादी लागू शकत नाही.

२०/२४
प्रोग्राममध्येही हे घडते, आणि हेतू वाईट नसताना घडते. समजा नियम असा: दोन गुणांपर्यंतचा फरक नगण्य, तेवढ्यावर दोघे समान. ५० आणि ५२ समान. ५२ आणि ५४ समान. पण ५४ हे ५० च्या पुढे. मधल्या विद्यार्थ्याशी दोघेही बरोबरीचे, तरी एकमेकांशी बरोबरीचे नाहीत. उदार वाटणारा हा नियम करार मोडतो. अशी यादी कशी लागेल हे विद्यार्थ्यांच्या गुणांवर कमी आणि यंत्राने कोणती जोडी आधी पाहिली यावर अधिक ठरते. त्या यादीच्या टोकाला कोणाचा प्रवेश अडलेला असेल, तर हा अन्याय कोणालाही दिसणार नाही.

२१/२४
अनेक वर्षे असे नियम निभावून गेले. मग २००२ मध्ये टिम पीटर्स याने पायथन भाषेसाठी टिमसॉर्ट ही रीत लिहिली. यादीत आधीपासून क्रमाने असलेले तुकडे ओळखून ती त्यांचा लाभ घेते. २०११ मध्ये जावा ७ ने ऑब्जेक्टसाठी हीच रीत स्वीकारली. तिच्या जावातील रूपाला काही वेळा मधेच कळे की मिळालेली उत्तरे एकाच वेळी खरी असणे शक्य नाही, आणि तेव्हा ती काम थांबवून सांगे: तुलनेच्या पद्धतीने आपला करार मोडला आहे. वर्षानुवर्षे चाललेले प्रोग्राम अचानक कोसळू लागले. दोष नव्या रीतीचा नव्हता. जुनी रीत खोटा निवाडा निमूटपणे पचवत होती. नवीने तो उघड केला. तरी जुनी रीत पुन्हा चालू करण्याची सोय ठेवावीच लागली.

२२/२४
पायथनने आणखी एक वाट काढली. २००४ मधील २.४ आवृत्तीत ‘की’ आली: दोन वस्तूंची तुलना करण्याऐवजी प्रत्येक वस्तूतून एक किल्ली काढा आणि किल्ल्यांचा क्रम लावा. हजार वस्तूंची यादी लावताना तुलना जवळपास दहा हजार होऊ शकतात. किल्ली मात्र हजार वेळाच काढावी लागते. किल्ली साधी संख्या किंवा शब्द असेल तर गोल फिरण्याचा धोकाही उरत नाही. २००८ अखेर आलेल्या पायथन ३ ने सॉर्टिंगमधून जुनी तुलना-पद्धत काढूनच टाकली. तिची गरज भासलीच तर तिचे किल्लीत रूपांतर करणारे साधन पुढे दिले गेले. हॉलरिथचा स्तंभ आणि फॉन नॉयमनची प्रमुख संख्या येथे पुन्हा भेटतात. फरक एवढाच की आता प्रमुख कोण, हे दर वेळी नव्याने ठरवता येते.

२३/२४
मराठी वाचकासाठी हा प्रश्न अगदी घरचा आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी आहे. म्हणून केवळ संकेतांकाने शब्द लावले की ‘काळ, कावळा, कासव’ असा क्रम येतो. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, आणि त्याच्यामागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’. त्या नियमाने क्रम होतो ‘कावळा, कासव, काळ’. संकेतांकाच्या क्रमात ‘क्षमा’ ही ‘खडू’च्या आधी ‘क’च्या घरात जाऊन बसते. देवनागरी तक्ता हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी, संस्कृत अशा अनेक भाषांचा सामाईक आहे. एकच क्रम सर्वांचा असू शकत नाही. म्हणून भाषावार क्रमनियम वेगळे लिहिले जातात. जावात त्यासाठी असलेला ‘कोलेटर’ हाही एक कम्पॅरेटरच आहे. तो न वापरता लावलेली यादी चुकीची दिसत नाही; ती केवळ मराठी राहत नाही.

२४/२४
शेवटचे उदाहरण कायद्याचे. भारतात मतपत्रिकेवरील उमेदवारांचा क्रम लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३८ नुसार ठरतो. १९९६ च्या दुरुस्तीनंतर त्यात तीन गट आहेत: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग उर्वरित, आणि प्रत्येक गटात वर्णक्रम. हा दोन पातळ्यांचा कम्पॅरेटर आहे. पहिली पातळी प्रतिष्ठेची, दुसरी बाल्बीची. अपक्षाचे नाव ‘अ’ने सुरू होत असले तरी तो मान्यताप्राप्त पक्षांच्या खालीच येतो. हे योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात, पण तो नियम लिहिलेला आहे. त्याला कलमाचा क्रमांक आहे, दुरुस्तीचे वर्ष आहे, आणि म्हणून त्याला आव्हान देता येते. अमरकोशाच्या क्रमाला तसे आव्हान देण्याची जागाच नव्हती. प्रवेशाच्या, बढतीच्या, प्रतीक्षेच्या याद्या आज यंत्रे लावतात, आणि त्या प्रत्येकीच्या तळाशी दोन माणसांत आधी कोण हे सांगणारा चार ओळींचा एक नियम असतो. जोव्हान्नी बाल्बीने आपला नियम वाचकांपुढे उलगडून ठेवला होता. यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तेवढे मागण्याचा हक्क आहे.